धाकटी लेकीकडे गेलीय

धाकटी जाऊन एकवीस दिवस झाले आणि बाविसाव्या दिवशी सकाळी पहिली मेंढी व्यायला लागली. मेंढीला काय, घरातलं माणूस गेल्याचं तिला कोण सांगणार? तिचे दिवस भरले होते. ती शेडच्या कोपऱ्यात गेली आणि पुढच्या पायाने जमीन उकरू लागली.

थोरलीने हातातली पाण्याची बादली खाली ठेवली आणि सवयीने एका बाजूला सरकून उभी राहिली. आता मागून धाकटी येणार, बाह्या वर सारणार, साबणाने कोपरापर्यंत हात धुणार आणि गुडघ्यावर बसणार. आपण फक्त मेंढीची मान धरायची. चोवीस वर्षं हे असंच चाललेलं होतं. थोरली तशी बराच वेळ उभी राहिली. मेंढी दोनदा बसली, दोनदा उठली. मग थोरलीला कळलं की आपण वाट बघतोय, आणि जिची वाट बघतोय ती काही येणार नाही. तिने स्वतःच्या बाह्या वर सारल्या.

त्या दोघी जावा. दोन सख्ख्या भावांच्या बायका. उतारावर एक कुरण, खाली पत्र्याची लांब शेड, शेडला चिकटून घर आणि साठेक मेंढ्या, एवढाच सगळा पसारा. स्वयंपाकघर एक, शेड एक, त्यामुळे दोघी दिवसभर एकमेकींच्या पायात पाय. जावा जावा उभा दावा, असं म्हणतात. यांचा दावा कायमचा उभा नव्हता. तो पाहुण्यासारखा यायचा, आठ दिवस राहायचा आणि जायचा. कधी चहात साखर कमी पडली म्हणून, कधी शेडची कडी कोणी लावली नाही म्हणून. भांडण तोंडाने फारसं व्हायचं नाही. अबोला व्हायचा. पण मेंढ्यांच्या कामात दोघींना बोलल्यावाचून कसं चालेल? मग त्या मेंढ्यांमार्फत बोलायच्या. "सांग गं तुझ्या मालकिणीला, मान जरा घट्ट धर म्हणावं." "तिला म्हणावं, मी घट्टच धरलीय, तुझा हात चालव." मेंढी बिचारी दोघींकडे बघत कळा द्यायची.

धाकटी गेली तेव्हाही त्यांचा अबोलाच चालू होता. चौथा दिवस होता. सकाळी नऊच्या सुमाराला धाकटी शेडमधल्या मोरीपाशी दुधाच्या बाटल्यांची बुचं धूत होती. तिने ओला हात कपाळाला लावला, स्टुलावर बसली आणि बसल्या जागी कलंडली. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शीर फुटली. वय अठ्ठेचाळीस.

पुढचे आठ-दहा दिवस माणसं येऊन बसून गेली. येणारा प्रत्येक जण भावोजींच्या शेजारी बसायचा, कारण बायको त्यांची गेली होती. धाकटीची एकुलती एक मुलगी शहरात नोकरीला, ती आली होती. बायका तिला जवळ घ्यायच्या, कारण आई तिची गेली होती. थोरली चहा करायची. कपांचा हिशेब चुकू नये म्हणून दारातूनच डोकी मोजायची. जाऊ गेलेल्या बाईला काय म्हणतात, तिचं सांत्वन कसं करतात, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं. एक बाई तर जाता जाता तिच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आता सगळं घर तुमच्या एकटीच्याच हातात हो." थोरली म्हणाली, "हो." तिला राग आला नाही. रडू तर त्याच्याही आधीपासून येत नव्हतं. एकदा किटलीचा तापलेला दांडा तिने नुसत्या हाताने उचलला, तशीच बाहेरच्या खोलीपर्यंत गेली, सगळ्यांचे कप भरले, आणि परत येऊन हात बघते तर तळव्याला लांबडा फोड. दुखलं कधी, ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

तर ती मेंढी. तासभर कळा देऊनही बाहेर काय, तर एक खूर आणि नाकाचा शेंडा. थोरलीचा नवरा शेडच्या दारात आला. "जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. दुपारपर्यंत जमणार नाही म्हणतात."

"दुपारपर्यंत ही राहणार नाही," थोरली म्हणाली. "मान धरा."

तिचा हात मोठा. धाकटी म्हणायची, जाऊबाईंचा पंजा म्हणजे फावडं. म्हणून तर इतकी वर्षं हे काम धाकटीकडे होतं. पण मान धरून समोर बसलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं, आणि धाकटीला काम करताना पुटपुटायची सवय होती. थोरलीने हाताला तेल चोपडलं, बोटं निमुळती केली आणि कळ ओसरल्यावर हात आत घातला. आणि तेच पुटपुटणं तिच्या तोंडून निघायला लागलं, शब्द न शब्द. "हे नाक. हा एक पाय. दुसरा कुठे गेला चुकार? मागे सर रे बाळा जरा, मागे सर. हा गुडघा. खूर मुठीत घ्यायचा, नाहीतर आत फाडेल. आता ये. रांगेत ये."

नवरा मान धरून तिच्याकडे बघत राहिला.

पाय सरळ झाला आणि पुढच्या कळेबरोबर कोकरू सर्रकन बाहेर आलं. थोरलीने त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, गवताच्या मुठीने छाती चोळली. ते शिंकलं. तिने नाळेला औषध लावलं, कोकरू मेंढीच्या तोंडापुढे ठेवलं. मेंढी चाटायला लागली. दहा मिनिटांनी त्याच्यामागून दुसरं आलं, ते मेलेलंच.

"जमलं की तुला," नवरा म्हणाला.

"हं."

एक जगलं त्याचा आनंद व्हायला हवा होता. दुसरं गेलं त्याचं वाईट वाटायला हवं होतं. थोरलीने मेलेलं पिल्लू पोत्यात गुंडाळलं, जगलेल्याला चीक पाजला, हात धुतले. नखांत रक्त राहिलं होतं ते काडीने काढलं. मग बादली उचलून पाणी भरायला गेली, कारण पाणी भरायचं राहिलं होतं.

पुढचा दीड महिना असाच गेला. मेंढ्या एकामागून एक व्यायल्या. कोणाला जुळी, कोणाला पान्हाच नाही, कोणी स्वतःचं पिल्लू सोडून शेजारणीचं चाटत बसलेली. आई नसलेली पाच कोकरं बाटलीवर होती. बाटली दिसली की ती पायांत घुसून ढुशा मारायची आणि थोरली त्यांच्यामधून वाट काढत चालायची. शेवटी त्रेपन्न कोकरं हाताला लागली. एवढी मागच्या कुठल्याच वर्षी नव्हती. नवऱ्याने आकडा सांगितला तेव्हा ती बाटल्या धूत होती. "बरं," म्हणाली.

भावोजी या सगळ्या दिवसांत शेडमध्ये पाऊल टाकत नव्हते. कुंपण दुरुस्त करत, कुरणात जात, गवताचे भारे आणून शेडच्या दारात टाकत आणि तिथूनच माघारी फिरत. ताटात घेतलेलं निम्मं उरवत. घरात धाकटीचं नाव कोणी काढत नव्हतं. ठरवून नव्हे, जो तो दुसऱ्याला जपत होता, आणि तिघांनी एकमेकांना इतकं जपलं की घरात भांड्यांचाच काय तो आवाज उरला.

मधल्या एका रविवारी पुतणी येऊन गेली. शेडच्या ओट्यावर थोरलीच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली. थोरलीने तिची पाठ थोपटली. थोपटताना तिची नजर समोरच्या मेंढीच्या कासेकडे होती, एक सड सुजल्यासारखा वाटत होता.

"मोठी आई, तू रडलीस का गं?" पुतणीने नाक पुसत विचारलं.

"वेळ कुठे होता," थोरली म्हणाली. मग तिला वाटलं, हे बोलणं बरं दिसलं नाही. म्हणून तिने पोरीला निघताना अंडी बांधून दिली.

ऊन तापायला लागलं, मेंढ्या लोकरीखाली धापा टाकायला लागल्या, तसा कातरायला मास्तर आला. साठीचा माणूस, पाठीत वाकलेला. शाळेचं तोंड त्याने जेमतेम चार वर्षं पाहिलं असेल. पण मेंढीला दोन गुडघ्यांत धरून "गप बस, पुढे बघ," असा दम द्यायचा की नाव मास्तरच पडलं. वर्षातून एकदा यायचा, एका दिवसात सगळा कळप हलका करून जायचा. राहायचा लांब, दोन खोरी पलीकडे. इकडचं बरंवाईट त्याच्या कानावर जायचं कारण नव्हतं.

आदल्या संध्याकाळपासून मेंढ्या उपाशीच कोंडून ठेवल्या होत्या. भरल्या पोटाची मेंढी कातरता येत नाही. दोघे भाऊ मागच्या अंगणात कोकरांना आयांपासून वेगळं करत होते, तिकडे एकच कालवा चालला होता. मास्तरने शेडमध्ये लाकडी फळी टाकली, तुळईला मोटर टांगली, कात्रीच्या दात्यांना तेलाचे थेंब सोडले. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "धाकट्या बाई कुठे आहेत? लोकर गुंडाळायला त्याच लागतात. तुमचं गुंडाळणं म्हणजे गाठोडं होतं."

थोरली पहिल्या मेंढीला पुढच्या पायांना धरून ओढत होती. "ती लेकीकडे गेलीय," ती म्हणाली.

का म्हणाली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तोंड उघडलं आणि ते निघालं. मेंढी जड होती, मोटर सुरू झाली होती, आणि खरं सांगायचं तर ती मोटर बंद करायला लावावी लागली असती.

"ऐन कातरणीत? शहाण्याच आहेत," मास्तर म्हणाला आणि मेंढीला ढुंगणावर बसवून पोटापासून सुरुवात केली.

पोट, मग मागची मांडी, मग मान, मग पाठीवरून लांब लांब फेऱ्या. लोकर आतून पांढरीशुभ्र उलगडत जायची आणि अंगरख्यासारखी एकसंध गळून पडायची. थोरली ती उचलून टेबलावर पसरायची, कडेची मळकट, शेण लागलेली लोकर तोडून टाकायची, दोन्ही बाजू आत दुमडून गुंडाळी करायची. तोवर मास्तरची पुढची मेंढी आणायची वेळ. दोघींचं काम ती एकटी करत होती, धावपळीत पदर खोचायलाही सवड नव्हती.

"मागच्या वर्षी काय म्हणाल्या होत्या मला, आठवतंय?" मास्तर मोटरवरून ओरडून बोलायचा. "म्हणे, मास्तर, ही मेंढी कातरलीत की उंदरांकडून कुरतडून घेतलीत?"

"खरंच कुरतडलेली होती," थोरली म्हणाली.

"म्हणजे या एका गोष्टीवर तरी दोघींचं एकमत. बरं, सध्या भांडण चालू आहे की मिटलंय?"

थोरलीने गुंडाळी पोत्यात दाबली. "चालू आहे."

"कशावरून या वेळी?"

आणि थोरली सांगायला लागली. "गमबुटांवरून. दोघींचे सारखेच, एकाच मापाचे. माझ्या बुटाला आतून लाल फडकं लावलंय, ओळखायला. ही बया दिसेल ते पायात घालते. त्या दिवशी माझे घालून ओढ्यात उतरली आणि ओलेच्या ओले दारात आणून ठेवले. मी पहाटे उठते, पाय घालते, तर घोट्यापर्यंत पाणी. म्हटलं, पाय घालायच्या आधी बघता येत नाही का गं? तर म्हणते, जाऊबाई, पाय घालायच्या आधी तुम्ही तरी कुठे बघितलंत?"

मास्तर इतका हसला की त्याला कात्री उचलून धरावी लागली. थोरलीच्याही तोंडावर काहीतरी हललं. दोन महिन्यांत ती एका दमात एवढं बोलली नव्हती. स्वतःचा आवाज तिला शेजारच्या घरातून आल्यासारखा ऐकू येत होता.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? मी बोलणं टाकलं."

तेवढ्यात तिने मान वळवली. शेडच्या मागच्या दारात भावोजी उभे होते. आईच्या मागे फाटकातून निसटलेलं एक कोकरू पकडत ते इथवर आले होते, ते आता त्यांच्या काखेत होतं. किती वेळ उभे होते कोण जाणे. मास्तरनेही त्यांना पाहिलं.

"या, या. तुमच्या घरातल्या लढाईच्या बातम्या ऐकतोय. काय, बाईंना करमतंय का लेकीकडे?"

थोरलीने टेबलाची कड धरली. आता हे काय बोलतील, चिडतील की तसेच निघून जातील, तिला कळेना. भावोजींनी तिच्याकडे पाहिलं. कोकराला एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

"करमतंय," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पोर कामाला जाते. ही दिवसभर तिचं घर आवरत बसते."

"आवरत कसली, पोरीच्या वस्तू हरवून ठेवत असतील."

"तेच," भावोजी म्हणाले.

दुपारी चौघे जेवायला बसले. बटाटे, अंडी, पाव, कालचं उरलेलं थोडं. थोरलीच्या नवऱ्याला काहीच माहीत नव्हतं. मास्तरने बसता बसता विचारलं, "धाकट्या बाई परत कधी येणार?" नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने बायकोकडे बघितलं, भावाकडे बघितलं. भावाने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"बघू," नवरा म्हणाला. "तिच्या मनावर आहे."

मग मास्तरच बोलत राहिला. एका वर्षी एक मेंढी अर्धी कातरलेली सुटून पळाली, धाकटी तिच्यामागे कुरणभर धावली आणि शेवटी शेपटी धरून खाली बसली, ती गोष्ट. त्या मेंढीने तिला ओढ्यापर्यंत घसरगुंडीसारखी नेली होती. "ओढ्यापर्यंत नाही," भावोजी म्हणाले, "कुंपणापर्यंतच. ओढा तिने नंतर लावला गोष्टीला." आणि त्यांनी तिसरा बटाटा घेतला. थोरलीने ते पाहिलं. ताट त्यांनी पुसून स्वच्छ केलं होतं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला शेवटची मेंढी फळीवरून उठली, पांढरी, हडकुळी, लाजल्यासारखी. मास्तरने मोटर उतरवली, कात्रीची पाती कापडात गुंडाळली. तिघेही तिथेच होते. तो म्हणाला, "परवा मला तुमच्या पोरीच्याच गावाला जायचंय. गावाबाहेर एक कळप आहे. पत्ता द्या, धाकट्या बाईंना भेटून येतो. म्हणतो, तुमच्याशिवाय लोकरीची गाठोडी झाली."

थोरलीच्या नवऱ्याने खाली वाकून दोरी गुंडाळायला घेतली, ती आधीच गुंडाळलेली होती. भावोजी जमिनीकडे बघत राहिले.

"जाऊ नका," थोरली म्हणाली.

"का?"

"ती तिथे नाही. ती गेली, मास्तर. मेंढ्या व्यायच्या आधीच. सव्वादोन महिने झाले."

हे वाक्य तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना परस्पर कळलेलं होतं.

मास्तर फळीवर बसला. खिशातलं फडकं काढून त्याने तेलकट हाताचं एकेक बोट पुसलं. "सकाळी म्हणालात, लेकीकडे."

"म्हणाले खरं."

"आणि मी दिवसभर त्यांच्या नावाने दात काढत होतो."

"बरं केलंत," भावोजी म्हणाले. "आमच्याकडे कोणी नावच काढत नाही."

मागच्या अंगणात कोकरं ओरडत होती. मग मास्तरने थोरलीकडे पाहून विचारलं, "मग ते गमबुटांचं?"

"ते तसंच राहिलं."

"एवढ्याशा गोष्टीचं काय मनात धरायचं. त्या विसरल्यासुद्धा असतील तेव्हाच."

"नाही हो," थोरली म्हणाली. "ती विसरणारी नव्हती."

मास्तरला हसू आलं आणि त्याने ते आवरलं नाही. उठून त्याने तिच्या दंडाला हात लावला, भावोजींच्या नव्हे, आधी तिच्या. "जपा," म्हणाला. सामान गाडीत टाकून निघून गेला.

मग शेवटचं काम उरलं होतं. नवऱ्याने अंगणाचं फाटक उघडलं आणि कोकरं आयांकडे धावली आणि अर्ध्या वाटेत थबकली. कातरलेल्या आया त्यांना ओळखूच येईनात. आई हाक मारायची, कोकरू आवाजाकडे यायचं, त्या उघड्या बोडक्या जनावराला बघून मागे फिरायचं. दरवर्षी असंच होतं. एकेकाला धरून आईच्या नाकाशी न्यावं लागतं. नवरा बाहेरच्या बाजूला गेला. आत थोरली आणि भावोजी राहिले. भावोजींनी शेडच्या मधोमध उभं राहून एकदा चहूकडे पाहिलं, तुळईकडे, मोरीकडे, कोपऱ्यातल्या गवताकडे. मग वाकून एक कोकरू उचललं.

दोघांनी अर्धा-पाऊण तास काम केलं. थोरलीच्या हातांना लोकरीचा मेणचटपणा चढला होता. पाय भरून आले होते. मोकळं वाटतंय का, असं तिने मनाला चाचपून पाहिलं, तर तसं काही सापडलं नाही. दमल्यासारखं मात्र वाटत होतं, आणि तेही तिला बऱ्याच दिवसांनी वाटत होतं.

"वहिनी," भावोजी पाठमोरेच म्हणाले, "आणखी कशावरून भांडायची ती तुमच्याशी?"

"बऱ्याच गोष्टींवरून."

"मला कधी सांगितलं नाही तिने."

"तुम्हाला कशाला सांगेल? आमचं आमचं होतं ते."

"एखादं सांगा."

थोरलीने एका कोकराचं तोंड त्याच्या आईच्या कासेशी नेलं आणि ते प्यायला लागेपर्यंत धरून ठेवलं. "एकदा पडद्यावरून झालं होतं. वरच्या खोलीच्या."

"निळ्या?"

"निळा नंतर लावला. त्याच्या आधीचा. तुम्ही पाय मोडून पडला होतात तेव्हा."

"मग?"

"मग काय," थोरली म्हणाली आणि पुढचं कोकरू उचललं. "सहा दिवस अबोला. तुमचं औषधसुद्धा आम्ही एकमेकींना न विचारता दोनदा दिलं होतं."